माहिती खात्याची चाळणी

गिऱ्हाईक आडवं पडलं की भाऊजींना चेव येतो. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते गाद्यांच्या दुकानात विक्रेते आहेत. त्या दुकानात गादी घेण्याआधी तिच्यावर पडून बघायची सोय आहे. पायाशी बुटांसाठी प्लास्टिक अंथरलेलं असतं, डोक्याशी कागदी कव्हर घातलेली उशी असते आणि उशीच्या मागे, हात पाठीशी बांधून, भाऊजी उभे असतात. गिऱ्हाईक डोळे मिटून कंबरेला कसं वाटतंय याचा अंदाज घेत असतं आणि वरून आवाज येतो, "जिराफ दिवसातून किती झोपतो, सांगा पाहू?" उभा माणूस काहीतरी कारण काढून सटकू शकतो. आडव्या माणसाला आधी उठून बसावं लागतं, मग बूट सांभाळत खाली उतरावं लागतं, आणि तेवढ्यात जिराफाचं संपून डॉल्फिनचं सुरू झालेलं असतं. काही लोक निव्वळ सुटका व्हावी म्हणून गादी विकत घेतात. दुकानाच्या मालकांना वाटतं, विक्रेता हुशार आहे.

हुशारी वगैरे काही नाही. भाऊजींच्या डोक्यात नुसता माल भरलेला आहे, तोही सुटा. कुठल्या देशाच्या झेंड्याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत, कुठल्या समुद्राला एकही किनारा नाही, पियानोला पट्ट्या किती. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध नाही आणि कशाचाच त्यांच्या स्वतःशी नाही. पियानो त्यांनी कधी हात लावून पाहिलेला नाही आणि समुद्रावर गेले की वाळू बुटात जाते म्हणून गाडीतच बसतात. आमच्या वडिलांना पोचवून आम्ही परत येत होतो, ताई आणि मी एकमेकींना धरून चाललो होतो, तेव्हा हे गृहस्थ मागून आले आणि मला हळू आवाजात म्हणाले की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. सांत्वन म्हणून सांगितलं होतं की काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शहामृगाचं काय ते शहामृग बघेल, पण त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

आणि नशीब असं की त्याच माणसाला दर गुरुवारी संध्याकाळी बघणं माझ्या नोकरीचाच भाग आहे. मी एका बारमध्ये काउंटरवर काम करते. तिथे गुरुवारी क्विझ असते आणि ती भाऊजी चालवतात. चार-चार, पाच-पाच जणांची टेबलं, प्रत्येक टेबलाची एक टोळी, उत्तरं कागदावर लिहायची आणि शेवटी गुण मोजायचे. गुण फळ्यावर मी लिहिते. जिंकणाऱ्या टोळीला दारूची एक फेरी फुकट मिळते. एवढ्यासाठी प्लंबर, टॅक्सीवाले, दातांच्या दवाखान्यातले कारकून असे मोठमोठे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे हाताचा आडोसा करून लिहीत बसतात. भाऊजी त्या दिवशी करड्या रंगाचं जाकीट घालून येतात, माइकवर तीनदा टिचकी मारतात आणि नियम सांगतात. आमच्या प्लंबरने त्यांचं नाव 'माहिती खातं' ठेवलं आहे. "माहिती खातं आलं, ग्लास सांभाळा," असं तो म्हणतो आणि सगळा बार हसतो. भाऊजींना वाटतं, लोक प्रेमाने म्हणतात.

त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. कार्डावर लिहिलेलं उत्तर अंतिम, मग प्रत्यक्षात काहीही असो. मोबाइल टेबलावर पालथा. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरच्यांना खेळता येणार नाही. आणि सगळ्यात लाडका नियम: कुजबूज चालणार नाही, शेजारच्याला उत्तर पुरवताना नुसते ओठ हलले तरी एक गुण वजा, कुणाचीही गय नाही. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याचा गुण कापला होता. त्या बिचाऱ्याचे ओठ वयामुळे आपोआप थरथरतात, हे सगळ्या बारला माहीत होतं. मी तसं काउंटरवरून सांगितलंही. पण माहिती खात्याने हात वर केला आणि म्हटलं, नियम म्हणजे नियम. म्हातारा परत कधी आला नाही.

घरच्यांना खेळायची बंदी म्हणजे एकट्या ताईला बंदी, कारण घरी दुसरं कोणी नाही. मी घरची की बाहेरची हा प्रश्न निघाला नाही. मला काही येत नाही हे भाऊजींनी लग्नाच्या बोलणीतच हेरलं होतं. ताई दर गुरुवारी येते, काउंटरच्या टोकाच्या उंच स्टुलावर बसते, लिंबाचं सरबत घेते आणि ऐकते. लोक उत्तरावरून एकमेकांची डोकी खातात तेव्हा तिचा पाय स्टुलाच्या दांडीवर हलत असतो. एकदा मी तिला विचारलं, तुला खेळावंसं वाटतं का गं? ती म्हणाली, "वाटून काय करू? नियम आहे ना त्यांचा."

आता चाळणीचं सांगते. भाऊजींची प्रश्न काढायची एक पद्धत आहे आणि तिचा त्यांना फार अभिमान. ताई घरी कपडे दुरुस्तीची कामं करते: पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, झंपर उसवून सैल करणं. संध्याकाळी ती शिवणयंत्रावर बसली की हे शेजारी खुर्ची ओढून बसतात. गाद्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी कार्डं केलेली असतात. एकेक कार्ड वाचायचं. ताईला उत्तर आलं तर कार्ड टर्रकन फाडायचं आणि यंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकायचं. नाही आलं तर कार्ड गुरुवारसाठी बाजूला ठेवायचं आणि तिला उत्तर समजावून सांगायचं, यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून. का, असं मी एकदा विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, "हिला येतं म्हणजे जगाला येतं. असला सोपा प्रश्न विचारून काय करायचा?"

ताई तिथेच होती. तिने दोरा दाताने तोडला आणि पुढची शिवण घेतली. माझ्या हातात त्या वेळी कात्री होती, एवढंच सांगते.

आता कोणीही सांगेल की असल्या कारभाराचं पुढे काय होणार. वर्षानुवर्षं घरात रेडिओ चालू राहिला तर भिंतीलाही बातम्या पाठ होतील, आणि ताई तर भिंत नव्हती. आज न आलेलं उत्तर तिला सहा महिन्यांनी येत होतं, कारण ते तिच्या कानीकपाळी ओरडून झालेलं होतं. मग ते कार्ड फाटायचं. मग भाऊजी त्याहून अवघड शोधायचे, तेही तिच्या डोक्यात जाऊन बसायचं. चाळणी दिवसेंदिवस बारीक होत गेली आणि बारमध्ये खडे पडायला लागले. गोगलगायीला दात किती? टेबल टेनिसच्या चेंडूचं वजन किती? अशा प्रश्नांवर माणूस दोनदा हसतो, तिसऱ्यांदा बिल मागतो. एका गुरुवारी पहिल्या आलेल्या टोळीला चार गुण होते आणि तेही, प्लंबरच्या म्हणण्याप्रमाणे, ठोकून दिलेले. टेबलं रिकामी पडायला लागली. भाऊजी जाकीट झटकत म्हणायचे, लोकांची बुद्धीच कमी झाली आहे, वाचतच नाहीत हल्ली कोणी.

आमची मालकीण मोजकं बोलणारी बाई आहे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की महिनाअखेर क्विझ बंद, त्या भिंतीवर मोठा टीव्ही लावू आणि मॅचेस दाखवू. तुझे नातेवाईक आहेत, तूच सांग. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण घरी पोचेपर्यंत टिकला. मग मला ते जाकीट आठवलं. बुधवारी रात्री ते जाकीट खुर्चीच्या पाठीला लटकवलेलं असतं आणि भाऊजी येताजाता त्याची घडी नीट करतात. आठवडाभर लोकांच्या पायाशी प्लास्टिक अंथरणाऱ्या माणसाला एक दिवस लोक गप्प बसून ऐकतात. ते गेलं की त्यांच्याकडे काय उरणार होतं? आणि जे उरेल ते चोवीस तास ताईच्या खुर्चीशेजारी बसणार होतं. म्हणून मी भाऊजींना न सांगता ताईला सांगितलं.

ताई एका पॅन्टची दुमड टाचत होती. मी म्हटलं, ताई, गाडं तुझ्यामुळे अडलंय, तुला सगळं येतं आणि तुला येतं तेवढं त्या बारमध्ये कोणालाच येत नाही. तिने टाचण्या तोंडातून काढल्या. आधी हसली. मग बराच वेळ त्या चिंध्यांच्या टोपलीकडे बघत बसली. मला वाटलं, आता ती भाऊजींना खरं सांगेल, की अहो, मला तुमच्या बारपेक्षा जास्त येतं. मी असते तर कर्णा लावून सांगितलं असतं. पण ताई ताईच. ती म्हणाली, "त्यांना हे कळलं तर ते परत माइक हातात धरणार नाहीत. राहू दे. मी बघते."

त्या संध्याकाळी भाऊजींनी कार्ड वाचलं: सूर्यमालेतला सगळ्यात तापलेला ग्रह कोणता? ताईने चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बुध असेल. सूर्याच्या जवळ आहे ना." भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. चुकलीस! शुक्र! आणि मग शुक्रावरचे ढग, उष्णता कशी कोंडून राहते, सगळं साग्रसंगीत. ताई मान डोलवत होती. हेच सगळं तिने त्यांच्याच तोंडून निदान तीन वेळा ऐकलं होतं, पण त्यांना कुठे आठवायला! त्यांना फक्त माहिती आठवते, कोणाला सांगितली ते नाही.

पुढच्या गुरुवारी शुक्राने बारमध्ये दंगा माजवला. अर्धी टेबलं बुध म्हणत होती, अर्धी शुक्र, आणि टॅक्सीवाला उभा राहून भांडत होता. मला तेव्हा कळलं की ताई नुसतं खोटं बोलत नाहीये, ती निवड करतेय. प्लंबरला फुटबॉल येतो म्हणून ती फुटबॉलवर अडायची. टॅक्सीवाल्यासाठी शहरांवर आणि पुलांवर अडायची. कारकुनांच्या टेबलासाठी जुन्या सिनेमांवर. गोगलगायीचे दात मात्र ती खाडकन सांगून टाकायची, म्हणजे ते कार्ड टोपलीत. स्टुलावर बसून तिने कित्येक वर्षं ज्या माणसांना नुसतं ऐकलं होतं, त्यांच्यासाठी ती आता शिवणयंत्रावर बसून अख्खी क्विझ बेतत होती, आणि माइक धरून टेंभा मिरवत होतं माहिती खातं. टेबलं भरली. मालकिणीने टीव्हीचं नाव सोडलं. भाऊजींनी मला ऐकवलं की त्यांनी आपली शैली बदलली आहे, सामान्य माणसाच्या जवळ जाणारी केली आहे. मी ग्लास पुसत राहिले. एक फुटला.

असंच चालू राहिलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसले नसते. पण काही आठवड्यांनी भाऊजींचं लक्ष गेलं. त्यांनी एकदा ऑक्टोपसला हृदयं किती असं विचारलं आणि ताई म्हणाली, एक. हा प्रश्न कधी काळी तिने झटकन सोडवला होता आणि त्यावरून भाऊजींनी चांगलं कार्ड वाया गेलं म्हणून दिवसभर तोंड पाडलं होतं. ते मात्र त्यांना आठवत होतं, कारण कार्ड वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुपचूप एक वेगळंच काम सुरू केलं. रोज सोप्याहून सोपे प्रश्न आणायचे, ताईला कळू न देता तिची परीक्षा घ्यायची. आणि ताईला वाटलं की हे प्रश्न बारसाठी आहेत. इतके सोपे आणि छान प्रश्न फाटून कसे चालतील? ती बिचारी जीव तोडून अडत राहिली. पियानोच्या पट्ट्या येत नाहीत. इंद्रधनुष्याचे रंग सहा. शेवटी भाऊजींनी विचारलं, कोळ्याला पाय किती? ताई म्हणाली, "सहा ना?"

भाऊजींनी तिला उत्तर समजावून सांगितलं नाही. ते उठून गॅलरीत गेले, असं ताई मला नंतर म्हणाली. तिला वाटलं, सिगारेट प्यायला गेले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी बार बंद असताना भाऊजी मागच्या दाराने आले. जाकीट नाही, दाढी केलेली नाही. मी बाटल्या लावत होते. ते काउंटरला धरून उभे राहिले आणि मला विसरण्याच्या आजाराची लक्षणं सांगायला लागले, एकामागून एक, कार्ड वाचल्यासारखी. मग म्हणाले, "तुझ्या ताईला काय झालंय गं?"

इतक्या वर्षांत हा पहिलाच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अहो, तिला काही झालेलं नाही, झालंय ते तुम्हाला, आणि ते जन्मापासून आहे. पण गुपित ताईचं होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं, तिलाच विचारा. ते म्हणाले, तिला कसं विचारू? उद्या सकाळची डॉक्टरची वेळ घेतली आहे, तिला डोळे तपासायचे म्हणून नेतो, तू चल बरोबर, तू असलीस की ती घाबरणार नाही. आणि जाताना काउंटरवरची बशी उचलून त्यांनी ती दुसरीकडे ठेवली, मग परत जागेवर ठेवली. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

मी ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी हसायला लागली, मग थांबली. म्हणाली, आज रात्री सांगते त्यांना. पण रात्री भाऊजींनी तिला काही बोलूच दिलं नाही. कधी नव्हे ते कार्डं न घेता शेजारी बसले. तिचा मशीनवरचा दिवा पुसला, तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा शिवायचा प्रयत्न केला आणि सुई बोटात घुसवून घेतली. ताईने पट्टी बांधली. त्या पट्टी बांधलेल्या माणसाला कसं सांगायचं, असं तिने मला सकाळी दवाखान्याच्या जिन्यात विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी असते तर दुसऱ्या बोटातही घुसवली असती.

डॉक्टर तरुण होती, पोनीटेल बांधलेली, समोर लाकडी फळीवर लावलेला कागद. आम्ही तिघं ओळीने बसलो, ताई मध्ये. डोळ्यांचा विषय निघालाच नाही. डॉक्टर हसून म्हणाली, मी काही सोपे प्रश्न विचारते, घाबरायचं काही नाही. भाऊजींनी जगातल्या सगळ्या टेबलांना हे वाक्य ऐकवलेलं आहे. आज ते ऐकून त्यांचा रंग उतरला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. फोनवर ऐकताना तिला हसू आलं होतं, पण आता समोर परीक्षा बघून तिला राग आला, हे मला तिच्या मानेवरून दिसलं. तिला इथे आणून असं बसवलं होतं, आणि तेही थाप मारून.

आज वार कोणता, डॉक्टरने विचारलं. ताई गप्प. डॉक्टर थांबली, मग कागदावर काहीतरी टिपलं. महिना कोणता? ताई गप्प. तारीख?

आणि मी भाऊजींकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते, पट्टी बांधलेलं बोट गुडघ्यावर, डोळे ताईच्या चेहऱ्याला चिकटलेले, आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. गुरुवार. मग महिना. मग तारीख, ती पुन्हा पुन्हा. म्हाताऱ्याचा गुण कापणारा तो माणूस बायकोला उत्तर पुरवत होता. आणि इतकं करून तारीख सांगत होता ती कालची.

ताईने ते पाहिलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. "तारीख चुकली तुमची," ती त्यांना म्हणाली, आणि बरोबर तारीख सांगितली. मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, "वार गुरुवार. मला सगळं येतं. शुक्र येतो, ऑक्टोपसची तीन हृदयं येतात, कोळ्याचे आठ पाय येतात. यांची क्विझ बंद पडत होती, म्हणून येत नाही म्हणत होते."

डॉक्टरला काहीच कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. भाऊजी तसेच बसले होते. मी वाट बघत होते की आता फुटतील, फसवणूक, अपमान, काय काय म्हणतील. ते म्हणाले, "म्हणजे तुला बरं आहे?"

"बरं आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि ते रडले. रुमाल सापडेना म्हणून पट्टीनेच डोळे पुसले. डॉक्टर पाणी आणते म्हणून उठली आणि बराच वेळ आणलं नाही, शहाणी मुलगी होती.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर मी भाऊजींना माफही केलं असतं. पण माणूस दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतसुद्धा माणसासारखा राहिला नाही. फाटकाशी येताच म्हणाले, "म्हणजे शुक्र तुला येत होता. मग ते कार्ड बाद करायला हवं होतं." मी कपाळाला हात लावला. ताई चालता चालता थांबली. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली की आज संध्याकाळी ती खेळणार आहे. भाऊजी म्हणाले, घरच्यांना खेळता येत नाही, नियम आहे. ताई म्हणाली, मग आजपासून कार्डं तुमची तुम्ही तपासा. भाऊजींचा चेहरा एकदम ओसाड झाला. मग मी कोणाला विचारू? ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. हिला काही येत नाही."

सख्ख्या बहिणीचं बोलणं आहे, सोडून दिलं. त्या दुपारी बंद बारमध्ये भाऊजींनी मला कार्डं वाचून दाखवली आणि एकही फाडावं लागलं नाही. ते फार खूश झाले. माझ्या अज्ञानाचं कोणी इतकं कौतुक याआधी केलं नव्हतं.

संध्याकाळी ताई आली ती स्टुलाकडे गेलीच नाही. प्लंबर आणि टॅक्सीवाला यांच्या टेबलाशी एक खुर्ची होती, ती ओढून बसली. प्लंबरने तिच्यापुढे पेन्सिल ठेवली. टेबलाटेबलांवर कुजबूज सुरू झाली, कारण नियम सगळ्यांना पाठ होता. जाकिटातले भाऊजी माइकवर तीनदा टिचकी मारून नियम सांगायला लागले. कार्डावरचं उत्तर अंतिम. मोबाइल पालथा. घरच्यांचा नियम आला तिथे ते अडखळले आणि त्यांनी तो गाळला. मग लाडक्या नियमावर आले तसा आवाज परत चढला: नुसते ओठ हलले तरी एक गुण वजा, कुणाचीही गय नाही.

ताईने शाळेत करतात तसा हात वर केला.

"आणि सकाळी हलले असतील तर?"

बारमध्ये कोणालाच काही समजलं नाही. प्लंबर म्हणाला, सकाळी कोण खेळतंय इथे? भाऊजी माइक धरून उभे होते. त्यांनी ताईकडे पाहिलं, पट्टीच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. "लिही," ते म्हणाले. "प्रश्न विचारणारा. वजा एक."

फळ्यावर प्रश्न विचारणाऱ्याचा रकाना नव्हता. मी तो आखला, फूटपट्टी लावून, सगळ्या टोळ्यांच्या वर. भाऊजींबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. त्या दिवशी बिल देताना त्यांनी मला शहामृगाचं पुन्हा सांगितलं. पण प्रत्येक गुरुवारी मी फळा पुसते तेव्हा तेवढा रकाना ठेवते, आणि मालकीण विचारते की हे कसले गुण, तेव्हा सांगते की घरचे आहेत.